वर साउना, खाली बिअर

लायल केरानन तळघराच्या फरशीवर निळी चिकटपट्टी लावत होता, आणि लावता लावता शीळ घालत होता. शीळ ऐकून त्याची बायको ट्रूडी जिन्यात आली. लायल शीळ घालतो तेव्हा घरातली एखादी वस्तू कायमची जाणार असते, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तिच्या दोन्ही कडेवर जुळ्यांपैकी एकेक होतं. ती शेवटच्या पायरीवर थांबली.

“हा चौकोन म्हणजे हंडा,” लायल चौकोनात उभा राहून म्हणाला. “इथे भिंतीवर कंट्रोल बॉक्स. आणि ही,” त्याने भिंतीवरून थेट पॅनेलपर्यंत नेलेल्या निळ्या रेघेवरून हात फिरवला, तोही हळुवार, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा, “ही वायर.”

“मी कपडे धुवायला कुठून जायचं?”

“चौकोनाला वळसा घालून.”

“म्हणजे तुझ्या नसलेल्या हंड्याला मी आजपासून वळसा घालू?”

“सवय झालेली बरी,” लायल म्हणाला.

हंडा नव्हता असं नाही. साठ लिटरचा, चकचकीत स्टीलचा, खाली नळ आणि पोटात गिझरसारखी कॉइल असलेला हंडा गेले सहा महिने दिवाणखान्यात सोफ्याशेजारी उभा होता, आणि पाहुणे त्याच्यावर कोट ठेवत होते. नव्हती ती त्याला लागणारी वीज.

गॅसचा मार्ग बंद झाला होता. गेल्या हिवाळ्यात लायलने गॅरेजमध्ये गॅसच्या शेगडीवर बिअर उकळायला घेतली. बाहेर उणे वीस होतं म्हणून दार खाली ओढून घेतलं. शेगडी दाराला जरा जास्तच लागून होती आणि दार प्लॅस्टिकचं होतं. बिअर उकळायच्या आधी दार उकळलं. ते अशा काही आकारात ओघळलं की अजूनही येणारेजाणारे थांबून विचारतात, हे कोणाचं चित्र आहे. त्या दिवशी ट्रूडीने फर्मान काढलं की या घरात यापुढे आग नाही. जे काय उकळायचं ते विजेवर.

लायलने ही शिक्षा मानलीच नाही. त्याला ती बढती वाटली. तो शाळेची बस चालवायचा. वर्षभर त्याने विजेचा असा अभ्यास केला की त्याच्या बसमधल्या तिसरीच्या मुलांना साडेपाच हजार वॅटच्या कॉइलला तीस अँपिअरचा ब्रेकर का लागतो हे पाठ झालं. एका मुलीने तर वर्गात सांगितलं की मोठी झाल्यावर मी न्यूट्रल होणार.

घाईचं कारण जत्रा. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या या हॅनकॉक गावात जानेवारीअखेर बर्फातली जत्रा भरते. माणसं बायकोला पाठुंगळीला घेऊन शर्यत पळतात, आणि एका तंबूत घरोघरची बिअर येते. लायलने गेल्या वर्षी अख्ख्या गावाला आमंत्रण दिलं होतं आणि तंबूत स्वतः रिकाम्या हाताने उभा राहिला होता. लोक चांगले. कोणी काही बोललं नाही. फक्त एकेकाने येऊन दाराची चौकशी केली.

दुपारी डोरीन बियांकी आली. ही गावातली इलेक्ट्रिशियन, लायलच्याच वर्गातली. तिने बूट झटकले, पॅनेलचं झाकण उघडलं आणि आत टॉर्च मारला. लायल तिच्या खांद्यावरून बघत होता.

“तू माझ्या कानात श्वास सोडतोयस.”

“दोन घरं रिकामी आहेत ना ब्रेकरसाठी? मी मोजली होती. रोज मोजतो.”

“घरं रिकामी आहेत,” डोरीन म्हणाली. “पण खांबावरून तुझ्याकडे वीजच मोजून येते. वर स्वयंपाकाची विजेची शेगडी, इथे कपडे वाळवायचं यंत्र, गिझर, आणि तुझ्या सासऱ्याचा साउना. हे चौघं एकदम लागले की आताच मेन ब्रेकर कपाळ पुसतो. चौघांच्या बाकावर तू अस्वल बसवायला निघालायस.”

“मग मोठी लाइन घेऊ.”

“घे की. कंपनीची माणसं बर्फ वितळलं की येतील. मे महिन्यात.”

“जत्रा जानेवारीत आहे.”

“मग जत्रेला सांग थांबायला.”

लायल फरशीवर, हंड्याच्या चौकोनात बसला. डोरीनला त्याची दया आली असावी, कारण तिने खिशातून पेन्सिल काढून भिंतीवर इंग्रजी वाय काढला.

“एक वायर, दोन गिऱ्हाइकं. मध्ये चेंजओव्हर. दांडा वर केला की एकाला वीज, खाली केला की दुसऱ्याला. दोघांना एकदम कधीच नाही, कोणी कितीही रडलं तरी. वर एक ईएलसीबी टाकते, म्हणजे ओल्या हाताने काही करायला गेलास तर वीज आधी जाईल आणि तू नंतर. एवढंच शोध, की चौघांपैकी कोण आपली वायर वाटून घ्यायला तयार आहे.”

“शेगडी नाही,” जिन्यातून ट्रूडी म्हणाली.

“कपड्यांचं यंत्र?”

ट्रूडीने दोन्ही जुळी पुढे धरली. “यांना विचार.” त्यातल्या एकाने तेवढ्यात उत्तर दिलं. वास जिन्यावरून खालपर्यंत आला.

“गिझर—”

“लायल. बाहेर बघ.”

लायलने बाहेर बघितलं. तळघराच्या खिडकीतून फक्त बर्फ दिसत होतं, आणि ते खिडकीच्या वरपर्यंत होतं.

“राहिला साउना,” डोरीन म्हणाली, आणि तिघंही तळघराच्या कोपऱ्यातल्या देवदारी दाराकडे बघू लागले. जुळीसुद्धा.

ते दार साउनाचं, म्हणजे भट्टीवर दगड तापवून त्यांच्यावर पाणी मारत वाफेत बसायच्या फिनिश खोलीचं, आणि ती खोली आर्विडची होती. आर्विड म्हणजे ट्रूडीचे वडील. मोटारींच्या ब्रेकचं दुकान चालवून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर त्यांनी हे घर लेकीला आणि जावयाला देऊन टाकलं आणि स्वतः तळ्याकाठी एका लहानशा फ्लॅटमध्ये राहायला गेले. बदल्यात एकच गोष्ट मागून घेतली होती. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता साउना त्यांचा. दगड तापलेले, बादली भरलेली. बाकी आठवडाभर तुम्ही तिथे बटाटे ठेवा.

“ऐक,” ट्रूडी म्हणाली. “बाबा हो म्हणाले तर माझी हरकत नाही. पण एका शनिवारी, एका जरी शनिवारी त्यांचा साउना तुझ्या बिअरपायी हुकला, तर हंडा माझा. मी त्यात जिरेनियम लावणार.”

“साठ लिटरच्या हंड्यात?”

“मोठं जिरेनियम.”

ती थट्टा करत नव्हती. तिने रोप आधीच बघून ठेवलं होतं.

त्या दिवशी शनिवारच होता. साडेपाचला आर्विड आले, काखेत टॉवेल, हातात साउनात अंगावर झोडून घ्यायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी. जावयाकडे बघून मान हलवली. ही त्यांची बोलण्याची पद्धत होती. लग्नात त्यांनी केलेलं भाषण लायलला अजून पाठ होतं, कारण ते “बरं” एवढंच होतं.

लायलने ठरवलं, विचारायचं ते साउनातच. त्यामागे हिशेब होता. साउनात भांडायचं नाही, हा नियम आर्विडच्या पणजोबांनी फिनलंडहून बरोबर आणला होता आणि बोटीत बाकी सगळं सामान हरवलं तरी तो सुखरूप पोचला होता. आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायची नाही, निवडणुकीचं काढायचं नाही. चर्चमध्ये वागतो तसं वागायचं, फक्त कपडे न घालता.

आर्विड वरच्या फळीवर बसले होते, लायल खालच्या.

“बाबा, एक विचारायचं होतं. विजेबद्दल.”

आर्विडनी डाव भरून पाणी दगडांवर मारलं. दगड फुत्कारले. वाफ लायलच्या कानात शिरली.

“या भट्टीला जी वायर येते ना, ती आठवडाभर नुसती पडून असते.”

आणखी एक डाव.

“ती जर आपण वाटून घेतली. म्हणजे मी हंड्याला, तुम्ही भट्टीला. मध्ये दांडा.”

“काय सांगायचंय ते बाहेर जाऊन सांग,” आर्विड म्हणाले.

“बाहेर तुम्ही भांडाल.”

“हो.”

“म्हणून इथे सांगतोय.”

आर्विडनी त्याच्याकडे प्रथमच नीट बघितलं. मग दोन डाव एकदम मारले. लायलला वाटलं आपल्या भुवयांना चटका बसतोय, पण गेल्या वर्षीच्या गॅसनंतर त्या पुरत्या उगवल्याच नव्हत्या, त्यामुळे तोटा कमी होता. तो उठला आणि वरच्या फळीवर, सासऱ्यांच्या शेजारी जाऊन बसला. वर श्वास घेणं म्हणजे गरम इस्त्री गिळण्यासारखं होतं. दोघं शेजारी शेजारी लाल होत गेले. जो आधी बाहेर पडेल तो हरणार, हे कोणी कोणाला सांगितलं नाही, पण दोघांनाही ठाऊक होतं.

“माझे आजोबा करायचे,” बऱ्याच वेळाने आर्विड दगडांना उद्देशून म्हणाले.

“काय?”

“बिअर.”

“कशावर?”

“लाकडावर. वायर नव्हती.” त्यांनी आणखी एक डाव मारला. “सहाला दगड तापलेले पाहिजेत.”

“असतील.”

“सहाला. सव्वासहाला नाही.”

“वचन.”

“साउनात दिलंयस,” आर्विड म्हणाले.

लायल “हो” म्हणाला, दार उघडून जिन्याने वर धावला आणि मागच्या अंगणात बर्फात आडवा पडला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्रूडीला त्याचे फक्त हात दिसले. दोन्ही हवेत होते. होकार मिळाला, हे तिला कळलं.

मधले दिवस लायलने कसे काढले ते बसमधल्या मुलांना विचारावं. डोरीन परत आली ती लाल दांड्याची करडी पेटी घेऊन, आणि लायलने ती पेटी हातात घेऊन एकदा दांडा वर केला, एकदा खाली केला, परत वर केला. खट्. आवाज भारदस्त होता. बँकेच्या तिजोरीला असतो तसा.

“अजून काही जोडलेलं नाही,” डोरीन म्हणाली.

“माहितेय,” लायल म्हणाला आणि पुन्हा खाली केला.

आर्विडही देखरेखीला आले होते. त्यांची अट एकच, की दांडा वर असताना साउना लागला पाहिजे. साउना खाली चालणार नाही. डोरीनने विचारलं, फरक काय पडतो? आर्विडना तो प्रश्नच पोरकट वाटला. तिने पेटीवर मार्करने वर साउना लिहिलं, खाली बिअर. मग ती निळ्या रेघेवरून चालत चालत निळ्या चौकोनापर्यंत गेली, वर छताकडे बघितलं, आणि विचारलं, “आणि वाफ?”

“वाफेचं काय?” लायल म्हणाला.

“तासभर साठ लिटरचा हंडा उकळणार. बादलीभर पाणी हवेत जाणार. वाफ कुठे जाणार?”

लायलने ट्रूडीकडे बघितलं. ट्रूडीने वडिलांकडे. तिघांच्याही चेहऱ्यावर तो प्रश्न परक्या भाषेतला असल्याचा भाव होता.

“कुठे जायला हवी?” लायलने विचारलं.

“वाफेला जायची घाई कशाला?” आर्विड म्हणाले.

“अरे देवा,” डोरीन म्हणाली. तिचे पणजोबा इटलीहून आले होते आणि वाफ म्हणजे शेवयांवरून जाते ती, एवढाच त्यांच्या घराण्याचा वाफेशी संबंध होता. “लायल, तू वर्षभर अभ्यास केलास. वायरची जाडी तुला पाठ. अर्थिंग पाठ. माझ्यापेक्षा जास्त व्हिडिओ बघितलेस. आणि वाफेचा एकदाही विचार केला नाहीस?”

“वाफ चांगली असते,” लायल म्हणाला. त्याला लहानपणापासून हेच सांगितलं होतं. त्याच्या घरात, ट्रूडीच्या घरात, त्यांच्या अख्ख्या गल्लीत वाफेबद्दल कोणी कधी वाईट बोललं नव्हतं.

“चांगली असते. मग तुझ्या छताला बुरशी येते, बुरशी जुळ्यांच्या खोलीत जाते. इथून बाहेर काढायची तर भिंत फोडून पाइप टाकावा लागेल, आणि त्या भिंतीपलीकडे सहा फूट बर्फ आहे. या घरात वाफेसाठी बांधलेली जागा मला तरी दिसत नाही.”

ती बोलून गेली. चौघांच्या माना हळूहळू कोपऱ्याकडे वळल्या.

आत देवदारी भिंती. वर हवा खेळायला झरोका. फरशीला मधोमध मोरी. वायर आधीच दाराशी येऊन थांबलेली.

“नाही,” आर्विड म्हणाले. ते साउनाच्या बाहेर होते, त्यामुळे त्यांना पूर्ण मोकळीक होती, आणि त्यांनी ती घेतली. फिनिश भाषेत घेतली. कोणाला शब्द कळले नाहीत, पण डोरीनने आदराने हातातला पेचकस खाली ठेवला.

“बाबा,” त्यांचं संपल्यावर ट्रूडी म्हणाली, “तुमच्या आजीचा जन्म साउनात झाला ना?”

“हो.”

“तिच्या भावंडांचाही.”

“सगळ्यांचा.”

“मग एका हंड्याने काय बाटणारेय?”

“आजीला प्लग नव्हता,” आर्विड म्हणाले.

 डोरीनने तेवढ्यात सांगून टाकलं की प्लग बाहेर राहील, कंट्रोल बॉक्स बाहेर राहील, दांडा बाहेर राहील, आत फक्त हंडा आणि त्याची एक केबल. आर्विडनी दाराला हात लावून विचार केला. “सहाला,” ते लायलकडे बोट करून म्हणाले, आणि घरी गेले. लायलने मधली निळी रेघ उपटली आणि तिचा गोळा करून खिशात ठेवला. तो टाकवेना.

जत्रेच्या आधीचा जो शनिवार उरला, तोच हाताशी होता. त्यानंतर उकळली तर आंबायला वेळ उरत नव्हता. रविवारी जुळ्यांचा बाप्तिस्मा होता. म्हणून बेत असा, की सकाळी हंडा चढवायचा, पाचला दांडा वर, भट्टीला तापायला तास, सहाला आर्विड. लायलने हे सगळं सूत्रात घालून बघितलं होतं आणि त्याच्याकडे अर्धा तास उरतही होता. त्या अर्ध्या तासाचं काय करायचं याचीही त्याने यादी केली होती.

सकाळी त्याने दांडा खाली केला. खट्. कंट्रोल बॉक्सवर हिरवा दिवा लागला आणि साउनातून बारीक गुणगुण ऐकू आली. लायल दारात उभा राहून हंड्याकडे बघत होता. आग नाही, धूर नाही, वास नाही, दार वितळत नाही. ट्रूडी त्याच्यासाठी पास्टी, म्हणजे खिमा-बटाटा भरलेली मोठी करंजी, कागदात गुंडाळून खाली आली तेव्हा त्याने ती हंड्याकडे बघतच खाल्ली, कागदासकट.

“तापलं?”

“तापतंय. काय सुरेख तापतंय बघ.”

पाणी तापत होतं, पण रमतगमत. कारण लायलला उशिरा कळलं. त्याचं सूत्र होतं दक्षिणेतल्या कोणा भल्या माणसाचं, जिथे नळाला कोमट पाणी येतं. हॅनकॉकच्या नळाला जानेवारीत जे येतं ते पाणी आहे हे ऐकीव. एकदा भरलेला हंडा तापताना उशीर झाला, माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, धुवायला पुन्हा पाणी तापवताना उशीर झाला, हाताशी उरलेला अर्धा तास यादीसकट गेला, आणि पाच वाजले तेव्हा हंड्याला नुकतीच उकळी फुटली होती. लायलने हॉप्स टाकले, बिअरला कडूपणा आणणारी वाळकी फुलं. साउना पांढऱ्या वाफेने भरला होता आणि त्या वाफेला गोड, तपकिरी वास होता.

आता तासभर सलग उकळलं तर ती बिअर. आता वीज तोडली तर सातूचं गोडसर पाणी, तेही हॉप्स घालून वाया घालवलेलं.

तो चेंजओव्हरपाशी आला. दांड्यावर हात ठेवला. बसमध्ये कोणी मूल रडायला लागलं तर तो म्हणायचा, दहापर्यंत मोजू. त्याने दहापर्यंत मोजलं. मग त्याला तंबू दिसला, आणि तंबूत एकेक जण येऊन दाराची चौकशी करताना दिसला. पण वचन साउनात दिलं होतं. ते बाहेर, बसमध्ये, बँकेत कुठेही दिलं असतं तरी काहीतरी बोलता आलं असतं. त्याने दांडा घट्ट धरला.

“हॉप्स टाकलेस?”

आर्विड जिन्यात उभे होते. नेहमीपेक्षा लवकर आले होते. काखेत टॉवेल, हातात डहाळ्या, टोपीवर बर्फ.

“आत्ताच,” लायल म्हणाला. “पण मी बंद करतोय. वर करतोय दांडा. सहाला तुमचे दगड—”

आर्विडनी नाक वर केलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग टोपी खुंटीला लावली, शर्ट काढला, पँट काढली, घडी घालून बाकावर ठेवली, आणि लायलच्या बाजूने, त्याच्याकडे न बघता, चालत साउनात गेले. दार लागलं.

लायल तसाच उभा राहिला, दांड्यावर हात ठेवून. तेवढ्यात वरून ट्रूडी आली. तिने घड्याळ बघितलं. दांडा बघितला. तो खाली होता.

“लायल, भट्टी चालू केलीस?”

“नाही.”

“बाबा कुठायत?”

लायलने दाराकडे बोट दाखवलं. ट्रूडीने दार ठोठावलं. “बाबा? बाहेर या, दगड थंड आहेत. याने चालूच केलं नाहीये.”

“साउना चालू आहे,” आतून आवाज आला.

“भट्टी बंद आहे, बाबा.”

“वाफ आहे. मी आहे.”

“पण तो हंडा आहे. तुम्ही बिअरच्या वाफेत बसलायत. दगड तापलेले नाहीत, हा कसला साउना?”

 आतून हंड्याचं रटरटणं ऐकू येत होतं.

“ट्रूडी,” आर्विड म्हणाले. “साउनात भांडायचं नाही.”

“मी बाहेर आहे.”

“मी आत आहे.”

ट्रूडीने लायलकडे बघितलं. लायलने दांड्यावरचा हात हळूच काढून खिशात घातला. ती वर निघून गेली, आणि वरून तिच्या हसण्याचा आवाज आला. मग जुळी हसली, कारण ती हसली.

उकळी पूर्ण होईपर्यंत आर्विड बाहेर आले नाहीत. मध्ये एकदा दार किलकिलं करून त्यांनी विचारलं, उरलेले हॉप्स कधी टाकायचेत? लायलने ती पुडी आत दिली आणि वेळ सांगितली. वेळ झाल्यावर हाक न मारता त्यांनी ते टाकले, वरच्या फळीवरून, नेम धरून. पुढे हंडा बाहेर काढताना लायल एका कानाला, सासरे टॉवेल गुंडाळून दुसऱ्या कानाला. मागच्या अंगणात दोघांनी तो बर्फात रुतवला. त्यात नळीचं वेटोळं सोडल्यावर सातूचा रस निवला, पिंपात उतरला, यीस्ट पडलं. तळाला थोडा गढूळ रस राहिला होता. लायल तो ओतून टाकणार होता. आर्विडनी त्याच्या हातून डाव घेतला आणि तो रस एका वाडग्यात काढून ठेवला.

मग त्यांनी स्वतः दांडा वर केला. खट्.

दगड तापले तेव्हा सहा केव्हाच वाजून गेले होते. कोणी घड्याळाकडे बघितलं नाही. लायल खालच्या फळीवर बसायला गेला, तर आर्विडनी वरच्या फळीवर सरकून जागा केली. वाडग्यातला डावभर रस त्यांनी दगडांवर मारला.

वास आला तो आधी कोणाला ओळखू येईना. भाजलेल्या पावाचा, जळलेल्या साखरेचा, मधेच कुठेतरी वेलदोड्याचा, जरी वेलदोडा कोणी टाकला नव्हता. तो दाराखालून बाहेर गेला, जिन्याने वर गेला, ट्रूडी स्वयंपाकघरात होती तिथे पोचला. ती खाली आली आणि दारापाशी उभी राहिली.

“नीसू,” आत आर्विड म्हणाले.

नीसू म्हणजे त्यांची बायको शनिवारी भाजायची तो गोड पाव. ती गेल्यापासून या घरात कोणी भाजला नव्हता. ट्रूडीने एकदा प्रयत्न केला होता, पण तो पाव पुढे दार अडवायला वापरला गेला.

लायलला काहीतरी बोलावंसं वाटलं. पण सासरे त्याच्याकडे बघत होते, आणि डोळ्यांतलं काय घाम आहे आणि काय नाही हे त्या उकाड्यात ठरवता येत नव्हतं. म्हणून त्याने दुसरा डाव मारला.

जत्रेत पिंप दुपारपर्यंत रिकामं झालं. दाराची चौकशी कोणी केली नाही. चौकशी झाली ती दुसऱ्याच गोष्टीची, कारण आर्विड तंबूबाहेर उभे राहून प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होते: “मी आत होतो.” त्यांच्याकडून एका दिवसात एवढे शब्द गावाने कधी ऐकले नव्हते.

पुढच्या शनिवारी सकाळी लायल कॉफी पीत बसला होता. हंडा पुन्हा सोफ्याशेजारी, त्याच्यावर कोट. दार वाजलं. आर्विड होते, काखेत टॉवेल, आणि मागे त्यांचे दोन मित्र, त्यांच्याही काखेत टॉवेल.

“आज काय उकळतोयस?”

“आज काही नाही, बाबा. आज नुसता साउना. दांडा वरच आहे.”

“नुसता,” आर्विड म्हणाले. त्यांनी मित्रांकडे बघितलं. मित्रांनी बुटांकडे बघितलं. चर्चला जावं आणि पाद्री सुट्टीवर गेलाय म्हणून कळावं, तसे तिघांचे चेहरे पडले.

ट्रूडी स्वयंपाकघरातून बाहेर आली. “लायल,” ती म्हणाली, “बाबांचा शनिवार हुकला तर काय होणार ते सांगितलंय ना मी?”

“अगं, पण ते बिअरपायी हुकला तर. हा बिअर नसल्यामुळे हुकतोय.”

“हंड्याला त्याने काय फरक पडतो? जिरेनियम आणलंय मी.”

तिने खरंच आणलं होतं. ते खिडकीत होतं, आणि बरंच मोठं होतं.

लायलने हंड्यावरचे कोट बाजूला केले आणि हंडा उचलला. तळघरात जाईपर्यंत तो शीळ घालायला लागला होता. पण खाली आधीच कोणीतरी होतं. आर्विड गुडघ्यांवर बसून फरशीवर निळी चिकटपट्टी लावत होते. साउनाच्या दारापासून निघून भिंतीवरून पॅनेलपर्यंत, आणि तिच्या शेजारून दुसरी.

“डोरीनला बोलव,” ते वर न बघता म्हणाले. “मे महिन्यात मोठी लाइन येणार. दोन वायरी. भट्टी आणि हंडा, दोन्ही एकदम.”

“आणि तोपर्यंत?”

आर्विडनी पट्टी दातांनी तोडली, उठले, पेटीपाशी गेले, आणि जावयाकडे पाठ करून दांडा खाली केला.